जिनिव्हातील दोन मिनिटे आणि तालुक्यातील एनसी

गेल्या महिन्यात विधी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला असलेली तीन मुले माझ्याकडे आली होती. तिघेही आपल्याच वस्त्यांतली, तिघांच्याही घरात वकिलीचे शिक्षण घेणारी ही पहिलीच पिढी. जयभीम झाला, चहा झाला आणि त्यातली मुलगी म्हणाली, "सर, तुम्ही युनोत होतात ना? आम्हालाही तिकडेच काम करायचे आहे. काय करावे लागेल?"

सर्वप्रथम मला तिची दुरुस्ती करावी लागली. मी युनोत नव्हतो. ऑक्टोबर २०१५ ते सप्टेंबर २०१७ ही दोन वर्षे मी जिनिव्हा येथे एका आंतरराष्ट्रीय मानवी हक्क संघटनेच्या कार्यालयात करारावर नोकरीला होतो. युनोत आम्ही गळ्यात ओळखपत्र अडकवून, रांगेत उभे राहून, पाहुण्यासारखे जात होतो. पण परत आल्यावर सत्काराच्या पत्रिकांवर "युनोतून परतलेले" असे छापले गेले. दोनदा मी दुरुस्ती सुचवली, तिसऱ्यांदा गप्प बसलो. लोकांना बरे वाटते, आपल्यालाही बरे वाटते. चळवळीचे बरेच नुकसान या बरे वाटण्याने झालेले आहे आणि त्यात माझाही वाटा आहे. म्हणून त्या तीन मुलांना जे सांगितले ते येथे लिहितो आहे, आणि जे सांगायचे टाळले तेही.

जिनिव्हा म्हटले की लोकांना तळे, कारंजे आणि घड्याळे आठवतात. मला आठवते ती युनोच्या प्रवेशद्वारासमोरच्या चौकातली एक भलीमोठी लाकडी खुर्ची. तिचा एक पाय तुटलेला आहे आणि ती तीन पायांवर उभी आहे. भूसुरुंगांनी पाय गमावलेल्या माणसांसाठी १९९७ मध्ये ती तेथे उभारली गेली. जगभरातले नाडलेले लोक या खुर्चीखाली फलक घेऊन उभे राहतात. तिबेटी असतात, श्रीलंकेतले तमिळ असतात, कुर्द असतात. रस्ता ओलांडून आत गेले की मात्र आवाज एकदम खाली येतो. मानवी हक्क परिषदेच्या सभागृहाच्या छतावरून रंगीबेरंगी लोंबत्या आकृती खाली आल्या आहेत. स्पेनने मोठा खर्च करून एका चित्रकाराकडून ते छत करून घेतले. त्याच्याखाली माणसांच्या यातनांवर इतक्या सभ्य भाषेत बोलले जाते की, पहिल्या आठवड्यात मला वाटले, येथे कोणाचे काही दुखतच नसावे. सभागृहाबाहेर 'सर्पंट बार' नावाचे कॉफीगृह आहे. खरे काम तेथे होते. एखाद्या छोट्या देशाचा राजनैतिक अधिकारी कॉफीचा कप हातात धरून विचारतो, "आम्ही नेमके काय विचारावे असे तुम्हाला वाटते? एका वाक्यात सांगा." तीन हजार वर्षांचे दुखणे एका वाक्यात! सुरुवातीला राग यायचा. पुढे कळले की हा प्रश्न अपमानाचा नाही, कामाचा आहे. उलटतपासणीत न्यायाधीशही आम्हाला हेच विचारतात.

बाकी तेथले काम म्हणजे मुख्यतः टंकलेखन. अहवाल लिहिणे, दुसऱ्याने लिहिलेला अहवाल कापणे, तळटीपा तपासणे, शब्द मोजणे.

आता आपल्याकडे नेहमी घेतला जाणारा आक्षेप. "घरातले भांडण बाहेर नेऊन देशाची बदनामी करता." हा आक्षेप मी सत्ताधाऱ्यांकडून ऐकला, बार रूममध्ये ऐकला आणि खेदाने सांगतो, आपल्याही काही मंडळींकडून ऐकला. त्यांना १९४६ हे साल आठवून द्यावेसे वाटते. त्या वर्षी दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न भारतानेच संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत नेला. विजयालक्ष्मी पंडित शिष्टमंडळाच्या प्रमुख होत्या. दक्षिण आफ्रिकेचे उत्तर काय होते? हा आमचा अंतर्गत मामला आहे, तुम्ही बोलू नका! भारताने ते मानले नाही. आणि त्याच १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतील काळ्यांचे विद्वान नेते डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचे त्यांनी वाचले होते. त्या अर्जाच्या दोनतीन प्रती त्यांनी मागवल्या आणि आम्हीही तसेच करण्याच्या विचारात आहोत, असे कळवले. डु बॉइस यांनी जुलैअखेर उत्तर पाठवले. म्हणजे हा रस्ता कोणा परदेशी पैशावाल्या संस्थेने आम्हाला दाखवलेला नाही. बाबासाहेबांचे सहकारी राहिलेले आणि स्वतः वकील असलेले भगवान दास १९८३ मध्ये जिनिव्हात उभे राहून अस्पृश्यतेवर बोलले, तेव्हा मी पाटीही धरलेली नव्हती.

कायद्याची एक गंमत सांगतो. वांशिक भेदभाव नष्ट करण्याचा आंतरराष्ट्रीय करार १९६५ चा. त्याच्या पहिल्याच कलमात वंश, रंग यांच्याबरोबर 'डिसेंट' हा शब्द आहे. डिसेंट म्हणजे कुळ, जन्माबरोबर चिकटणारी ओळख. हा शब्द करारात आणण्याची सूचना भारताच्या प्रतिनिधीची होती! भारताने १९६८ मध्ये करार मंजूरही केला. पुढे १९९६ मध्ये करारावर देखरेख करणाऱ्या समितीने सांगितले की, अनुसूचित जाती-जमातींचा प्रश्न याच शब्दाखाली येतो, तर भारत सरकारने हात वर केले. जात म्हणजे वंश नव्हे, सबब करार लागू नाही. २००१ मध्ये डर्बनच्या जागतिक परिषदेत आपले शेकडो कार्यकर्ते गेले, ढोल वाजले, जगाचे लक्ष वेधले गेले. पण अंतिम मसुद्यात जात येऊ नये यासाठी सरकारी प्रतिनिधींनी शर्थ केली आणि ती आलीही नाही. समितीने मात्र २००२ मध्ये २९ क्रमांकाची सर्वसाधारण शिफारस काढून जातीवर आधारित भेदभाव करारात येतोच, असे स्पष्ट केले. २००७ मध्ये भारताची तपासणी झाली, तेव्हा तोच वाद पुन्हा. पुढचा अहवाल जानेवारी २०१० मध्ये द्यायचा होता. दहा वर्षे उलटली तरी तो गेलेला नव्हता. एखाद्या शेतमजुराने न्यायालयाच्या तारखेला दहा वर्षे गैरहजर राहून पाहावे!

मी तेथे असतानाच मार्च २०१६ मध्ये अल्पसंख्याकांच्या प्रश्नावरील विशेष प्रतिवेदक रिटा इझाक यांनी जातीवरचा अहवाल मानवी हक्क परिषदेत मांडला. जगात २५ कोटींहून अधिक माणसे अशा भेदभावाखाली जगतात, असा त्यातला अंदाज. बाई स्वतः हंगेरीतल्या रोमा समाजातून आलेल्या. सोसलेल्याला सोसलेल्याचे कळते, हे त्या अहवालाच्या पानापानावर दिसत होते. भारतीय प्रतिनिधींनी त्यावर आक्षेप घेतला, प्रतिवेदकाने कार्यकक्षा ओलांडली असा त्यांचा सूर होता. आणि महिनाभरात, १३ एप्रिल २०१६ रोजी, न्यूयॉर्कच्या युनो मुख्यालयात बाबासाहेबांची १२५ वी जयंती साजरी झाली. पुढाकार भारताच्याच स्थायी मिशनचा! फोटोला हार आणि प्रश्नाला नकार, हे आपण गावात पाहतो. ते न्यूयॉर्क-जिनिव्हातही तसेच असेल, असे मला वाटले नव्हते.

त्या मार्चमधील चर्चेत आमच्या संघटनेला बोलायला वेळ मिळाला आणि निवेदन मी वाचले. वेळ दोन मिनिटे. आकडे समोरच्या पडद्यावर उलटे धावतात. शून्य झाले की माईक बंद. माझे शेवटचे वाक्य अर्धेच राहिले. ते वाक्य मी आठवडाभर जुळवले होते. भाषांतरकार बाईंनी काचेमागून माझ्याकडे पाहून मान हलवली, एवढीच त्या अर्ध्या वाक्याची दखल.

एक गोष्ट आपल्या लोकांना नीट माहीत नाही, म्हणून ठळकपणे सांगतो. आपल्यावर अन्याय झाला, पोलिसांनी ऐकले नाही, सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊनही न्याय मिळाला नाही, तर "आता युनोत दाद मागू" असे भाषणात म्हटले जाते. करारात वैयक्तिक तक्रारीची सोय आहे, पण ती ज्या देशांनी तसे वेगळे मान्य केले त्यांच्याच नागरिकांना. भारताने ते मान्य केलेले नाही. नागरी व राजकीय हक्कांच्या करारातही तेच. म्हणजे खैरलांजीचा बाप असो की आणखी कोणाची आई, त्यांचा अर्ज या समित्यांपुढे खटला म्हणून चालूच शकत नाही. तेथे चालते ते सरकारच्या वागणुकीचे परीक्षण. आपले प्रकरण त्यात पुरावा म्हणून, एखाद्या ओळीत, एखाद्या तळटीपेत जाते. मग त्याचा उपयोग काय? उपयोग आहे. १९९७ मध्ये विशाखा निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेऊनच कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध मार्गदर्शक नियम घालून दिले. बाहेर झालेला शब्द घरी कायदा होऊन येऊ शकतो. पण तो शब्द पक्का पाहिजे.

येथेच मला माझ्या चुकीकडे यायचे आहे.

मराठवाड्यातल्या एका गावात २०१४ च्या उन्हाळ्यात आपल्या एका पोराच्या लग्नाची वरात निघाली. डीजेवर भीमगीत लागले. चावडीजवळ वरात अडवली गेली, शिवीगाळ झाली, नवरदेवाच्या धाकट्या भावाचा पाय काठ्यांनी मोडला. पोलिसांनी काय लिहिले? एनसी! अदखलपात्र! जातिवाचक शिव्या नाहीत, अॅट्रॉसिटी नाही, काही नाही. उलट चार दिवसांनी आपल्याच सात जणांवर दरोड्याची क्रॉस केस. मग पिठाची गिरणी बंद, किराणा बंद, शेतावरचे काम बंद. हे आपल्या वाचकांना नवीन नाही. त्या सात जणांचा जामीन मी केला. जामीन झाला, लोक घरी आले, सर्वांना हायसे वाटले आणि मूळ मारहाणीचे प्रकरण मी "पाहू" म्हणून बाजूला ठेवले. कागद गोळा केले नाहीत. वर्षभराने मी जिनिव्हाला गेलो.

मे २०१७ मध्ये मानवी हक्क परिषदेत भारताचे सार्वत्रिक परीक्षण होणार होते. दर चार-साडेचार वर्षांनी प्रत्येक देशाची पाळी येते. संघटनांनी आपली निवेदने सप्टेंबर २०१६ पर्यंत द्यायची होती आणि एका संघटनेला शब्दमर्यादा होती २,८१५. संपूर्ण देश २,८१५ शब्दांत! त्यात मी या गावाच्या प्रकरणाला चार ओळी दिल्या. मसुदा तपासणाऱ्या सहकारी बाईंनी समासात विचारले : फिर्यादीची प्रत? वैद्यकीय कागद? पोलिसांना जातीचा उल्लेख करून कळवले होते, याचा पुरावा? माझ्याकडे एनसीचा क्रमांक होता, बाकी तोंडी. मी वाद घातला. म्हणालो, मी स्वतः त्यांचा वकील आहे, मी पाहिले आहे. त्या शांतपणे म्हणाल्या, सरकारने एक ओळ खोटी पाडली तर उरलेल्या सगळ्या ओळी पडतात. चार ओळी गेल्या. त्यांच्या जागी तमिळनाडूतले एक प्रकरण गेले, कारण तिथल्या कार्यकर्त्यांनी सगळे कागद स्कॅन करून, तारखांसह पाठवले होते.

४ मे २०१७ ला परीक्षण झाले. आम्ही वरच्या गॅलरीत. भारताच्या शिष्टमंडळाचे नेतृत्व तत्कालीन ॲटर्नी जनरल मुकुल रोहतगी यांच्याकडे होते. शंभराहून अधिक देश बोलले, प्रत्येकाला जेमतेम मिनिट-सव्वा मिनिट. आम्ही सर्पंट बारमध्ये ज्यांच्या मागे फिरलो, त्यातल्या दोघांनी आमचे वाक्य जसेच्या तसे वाचले. वर बसून आम्ही एकमेकांचे हात दाबले. माणूस किती थोडक्यात खूश होतो! एकूण २५० शिफारशी आल्या, सप्टेंबरमध्ये सरकारने त्यातल्या १५२ स्वीकारल्या. माझ्या गावाचे नाव कुठेच नव्हते. ते असूही शकत नव्हते.

शेजारच्या एका कार्यालयात जपानमधील बुराकू समाजाचा एक कार्यकर्ता होता. जन्माने हीन ठरवलेले, कातडी कमावणाऱ्यांचे, खाटकांचे वंशज. रंग, भाषा, धर्म सगळे इतरांसारखे, तरी वेगळे. त्यांची 'सुइहेइशा' ही संघटना १९२२ मध्ये क्योटोत स्थापन झाली, महाडच्या पाच वर्षे आधी. त्याने मला सांगितले की, बुराकू वस्त्यांची नावे-पत्ते असलेली पुस्तके कंपन्यांना गुपचूप विकली जात, नोकरी देताना, लग्न जुळवताना ती पाहिली जात. १९७५ मध्ये हे उघडकीस आले. मी म्हणालो, आमच्याकडे पुस्तकाचा खर्च नाही, आडनावात भागते. तो हसला नाही. त्याने विचारले, "मग त्या आडनावांमुळे नाकारलेल्यांच्या नोंदी तुम्ही कुठे ठेवता?" पुन्हा नोंदच! (आडनावाचे म्हणाल तर जिनिव्हातही एका भारतीय कुटुंबात जेवायला गेलो, तेव्हा वरण वाढता वाढता यजमानांनी पूर्ण नाव विचारले. दुसऱ्यांदा बोलावणे आले नाही.)

२०१७ च्या दिवाळीनंतर मी त्या गावी गेलो. ज्याचा पाय मोडला त्याच्या वडिलांना आम्ही मामा म्हणतो. अंगणात खाट टाकली, चहा दिला. मामांनी विचारले, "वकीलसाहेब, तिथं आमच्या गावाचं नाव निघालं का?"

म्हणालो, "नाही मामा. कागद नव्हते."

"कोणते कागद?"

मी सांगितले. मामा उठून आत गेले. बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोखाली पत्र्याची पेटी होती. तिच्यातून प्लास्टिकची पिशवी आणून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली. सरकारी दवाखान्याचे डिस्चार्ज कार्ड, त्यावर हाड मोडल्याची नोंद. एक्स-रे. एनसीची पावती. आणि पोलीस अधीक्षकांना दिलेला दोन पानी अर्ज, जातिवाचक शिव्या शब्दशः लिहिलेला, आरोपींच्या नावांसह, घटनेनंतर पाचव्या दिवसाची तारीख, आवक क्रमांक आणि गोल शिक्का. शाळेतल्या मास्तरांकडून लिहून घेऊन मामा एसटीने एकटे जिल्ह्याला गेले होते.

"हे आधी का नाही दाखवलं?"

"तुम्ही मागितलं नाही, साहेब."

तीन वर्षे ती पिशवी त्या पेटीत होती. मी हजारो किलोमीटरवर बसून समासातल्या प्रश्नांवर वाद घालत होतो, आणि उत्तर जिल्ह्यापासून दीड तासावर होते. हे मी त्या तीन मुलांना सांगितले नाही. लाज वाटली.

त्या कागदांवर विशेष न्यायालयात अर्ज केला. २०१८ मध्ये गुन्हा नोंदवण्याचा आदेश झाला. कर्तव्यात कसूर केल्याबद्दल कलम ४ खाली अधिकाऱ्यावर कारवाईची मागणी फेटाळली गेली, त्याविरुद्ध वर गेलो आहोत. दोन साक्षीदार फितूर झाले. पायात अजूनही सळई आहे.

परदेशात जाऊ नका, असे मी कोणाला म्हणत नाही. जरूर जा. तेथे आपली माणसे फार कमी आहेत आणि दार सहज उघडत नाही. कोपनहेगनच्या इंटरनॅशनल दलित सॉलिडॅरिटी नेटवर्कचा संयुक्त राष्ट्रांतील सल्लागार दर्जाचा अर्ज भारताच्या प्रश्नांवर प्रश्नांमुळे चौदा-पंधरा वर्षे लोंबकळला. डिसेंबर २०२२ मध्ये मतदान होऊन तो एकदाचा मंजूर झाला. तोवर आत बोलायचे तर दुसऱ्याच्या नावाने बोलावे लागे. इंग्रजी पक्के करा, फ्रेंच थोडे शिका. घरभाड्यात अर्धा पगार जातो, हेही घरी आधीच सांगून ठेवा, नाहीतर गावाकडे समजतात की हा फ्रँक छापतो आहे.

पण ज्यांच्या कागदांवर हे सगळे उभे आहे, त्या तालुक्यातल्या कार्यकर्त्याचे काय? २०२० मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा बदलला. एका संस्थेने आलेली देणगी दुसऱ्या संस्थेला देण्यास बंदी आली, कार्यालयीन खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. मोठ्या संस्था दिल्लीत कशाबशा तगल्या. मोटारसायकलवर पेट्रोल टाकून घटनास्थळी पहिल्यांदा पोहोचणारा, जबाब लिहून घेणारा, पोच मागणारा माणूस मात्र त्यांच्याच छोट्याशा मदतीवर चालत होता. माझ्या ओळखीचे असे तिघे आज दुसरे काम करतात, एक जण मोबाइल रिचार्जच्या दुकानात बसतो. जयंतीच्या मिरवणुकीवर आपण जो खर्च करतो, त्यातला एक दिवसाचा डीजे कमी करून तालुक्याला एक माणूस ठेवता येणार नाही काय? हा प्रश्न मी दोन सभांत विचारला. टाळ्या मिळाल्या.

अॅट्रॉसिटी कायद्यात २०१६ पासून लागू झालेले कलम १५-अ वाचा. फिर्यादीची प्रत पीडिताला मोफत मिळायलाच हवी. साक्षीदाराचा प्रवासखर्च, संरक्षण, सुनावणीचे चित्रीकरण, सगळे त्यात आहे. आपले किती वकील ते मागतात? मी स्वतः २०१८ पर्यंत चित्रीकरणाचा अर्ज एकदाही केला नव्हता.

त्या तिघांपैकी दोन मुले पुन्हा आली नाहीत. मुलगी आली. तिला मामांच्या खटल्याची फाईल दिली आहे आणि फितूर साक्षीदारांच्या जबाबांच्या प्रमाणित नकला काढण्याचे काम सांगितले आहे. पुढची तारीख महिनाअखेरीस आहे. मागच्या वेळी नकलेच्या अर्जाला कोर्ट फी तिकीट लावायचे राहिले होते, म्हणून अर्ज परत आला. या वेळी तिने आदल्या दिवशीच तिकीट आणून ठेवले आहे.